कुंदा आता नुसता गोड का लागतो?

शहापूरची_लेक
गेल्या आठवड्यात बेळगावला माहेरी आले होते, पुण्याला परतताना नेहमीसारखा 1 किलो कुंदा (आपली बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई) बांधून घेतला, लहानपणापासून घेतोय त्याच दुकानातनं (नाव नको, काका ओळखीचे आहेत). घरी डबा उघडला तर गुळगुळीत लगदा, दाणा नाहीच, पहिल्या घासालाच गोडमिट्ट. आधी बोटाला तूप लागायचं आणि तो खरपूस वास यायचा, तो कुठं गेला? की माझीच जीभ बदलली?

भट्टीजवळचा
ताई, जीभ बरोबर आहे तुमची. आजोबांपासून आमच्यात हाच धंदा, मी 6 वर्षांमागं सोडला. म्हशीचं दूध कढईत आटवायचं, मधे थोडं दही सोडायचं म्हणजे दाणा पडतो, मग साखर, आणि मग तांबूस होईपर्यंत उलथनं मारत बसायचं, तळ लागला की सगळी कढई गेली. तो रंग भाजून येतो, वरनं घालायचा नसतो. आता हिशोब बघा, 5 लिटर दुधाचा साधारण 1 किलो खवा पडतो, दूध 70 नं धरलं तर 350 तिथंच गेले, साखर, गॅस, माणसाची हजेरी वेगळीच, आणि गिऱ्हाईक म्हणतंय पलीकडं 400 नं मिळतोय की. मग खवा बाहेरनं तयार आणायचा, साखर वाढवायची कारण सगळ्यात स्वस्त वजन तिचंच, थोडी वेगळी जाळून रंगाला घालायची. अर्ध्या तासात माल काउंटरवर. आम्ही पण शेवटी शेवटी तेच करत होतो, खोटं कशाला बोलू.

खानापूर_रोड
दुकानदाराला कशाला बोलूलाय ओ, पोरं कुंद्याकडं बघीनात झालीत, त्यांना चॉकलेट पायजे. आणि ते तरी खरं कुठं हाय? होममेड म्हणून बॉक्स देतात त्यातलं लई कंपाउंडच्या लाद्या वितळवून साच्यात ओतलेलं असतंय, कोको बटरच्या जागी वनस्पती तेल, म्हणून टाळूला मेणासारखं चिकटतंय. 2024 ला घाना नि आयव्हरी कोस्टला पीक बसलं, कोको टनाला 10 हजार डॉलरच्या वर गेला, मग काय, तेलच परवडणार.

निपाणीकर
शंका असेल तर चमचाभर कुंदा पाण्यात उकळा, गार झाला की आयोडीनचे 2-3 थेंब टाका, निळा झाला तर पिठाची भेसळ. आणि सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लावायचा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, ताजंच हाय, घ्या बिनधास्त.

शहापूरची_लेक
केलं आत्ता. निळा नाही झाला. म्हणजे काकांनी फसवलं नाही, नुसती साखर ओतली. कुणाकडं जुन्या पद्धतीनं करून मिळेल का? दिवाळीला परत येणारे.

भट्टीजवळचा
दूध तुम्ही दिलं आणि दोन दिवस आधी सांगितलं तर करून देणारे आचारी आहेत अजून, मजुरी वेगळी. पण ऐन दिवाळीच्या आठवड्यात विचारू नका, शिव्या खाल.

शहापूरची_लेक
मग आधीच येते. दूध किती आणू?

भट्टीजवळचा
10 लिटर. म्हशीचंच, गवळ्याकडनं. पिशवीतलं आणलं तर कढईला हात लावणार नाहीत.