फ्लीट वॉकर: 42 सामन्यांचा कॅचर
जॅकी रॉबिन्सनच्या आधी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हता, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. थोडी दुरुस्ती करतो. रॉबिन्सन आला 1947 साली. त्याच्या 63 वर्षं आधी, 1884 मध्ये, मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघात कॅचर होता.

कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, फक्त चेंडू कुठे टाकायचा याची खूणही तोच करतो. आता गंमत बघा (गंमत कसली!): टोलेडोचा स्टार पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) टोनी मुलेन याने पुढे स्वतःच कबूल केलं की वॉकर उत्तम कॅचर होता, पण काळ्या माणसाच्या खुणा पाळायच्या नाहीत म्हणून मी मनाला येईल तसा चेंडू टाकायचो. त्या काळी कॅचरकडे आजच्यासारखे जाडजूड ग्लव्हज नसत. कुठला चेंडू येणार हे माहीत नसताना तो जवळपास उघड्या हातांनी झेलायचा! बोटांचं काय होत असेल?

तरी पठ्ठ्याची फलंदाजीतली सरासरी .263, म्हणजे हजार संधींमागे 263 यशस्वी फटके. दुखापतींनी बेजार झाला, हंगाम संपण्याआधीच संघाने त्याला काढून टाकलं. मेजर लीगमधले एकूण सामने 42. नंतर काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, एवढंच.