ई-कचऱ्यात देण्याआधी: नोकिया ३३१० ठेवावा की ११००?

अ-३०२
नमस्कार. येत्या रविवारी ई-कचरा नेण्यासाठी सोसायटीच्या आवारात गाडी येणार असल्याची सूचना वाचून सासऱ्यांचे कपाट आवरायला घेतले. त्यात चार जुने फोन निघाले: नोकिया ३३१०, नोकिया ११००, नोकिया ६६०० आणि सिमकार्डाची जागाच नसलेला एक सीडीएमए (वेगळ्या प्रकारच्या मोबाईल जाळ्यावर चालणारा) हँडसेट. सासरे आज हयात नाहीत, त्यामुळे सगळेच देऊन टाकावेत असे मन होत नाही आणि चारही नुसते ठेवून देण्यातही अर्थ वाटत नाही. कोणता ठेवावा, आणि त्यांपैकी एखादा आज चालू शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. गावी सासूबाईंना साधा फोन हवाच आहे. ११०० ची बॅटरी थोडी फुगलेली दिसते.

क-४०१
वहिनी, ३३१० ठेवावा. २००० सालच्या सप्टेंबरमध्ये तो जाहीर झाला आणि जगभरात त्याचे सुमारे १२ कोटी ६० लाख नग विकले गेले. माझा पहिला फोन त्याच घराण्यातला ३३१५ होता. तो जिन्यावरून दोनदा पडला. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, पण सगळे गोळा करून पुन्हा बसवले की तो लगेच सुरू होत असे. तसा दणकट फोन त्यानंतर माझ्या हातात आला नाही.

ब-१०४
नमस्कार वहिनी. मी २००१ पासून बारा वर्षे मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आधी महत्त्वाचे: फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नका, दाबू नका, टोचू नका. फोनमधून ती अलगद निघत असेल तर काढून वेगळी ठेवा, आणि रविवारी इतर वस्तूंत न मिसळता गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या.

४०१ मधील दादांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. ३३१० पडल्यावर त्याचे तुकडे होत, हेच माझ्या मते त्याच्या टिकण्याचे एक कारण होते, कारण पडण्याचा बराचसा जोर झाकण आणि बॅटरी सुटण्यात खर्च होत असे आणि छोटा पडदा जाड प्लास्टिकच्या मागे सुरक्षित राहत असे. पण फोन जिन्यावरून रोज पडत नाही. रोज त्याला सोसावी लागते ती धूळ, घाम, पावसाळ्यातली ओल आणि चार्जिंगची वानवा, आणि त्या कसोटीवर मी ११०० ला निःसंकोच वरचे स्थान देतो.

त्याची कारणे सांगतो. त्या काळच्या बहुतेक फोनांत कळा सुट्या असत आणि त्यांच्या फटींतून आत गेलेली धूळ कळांखालच्या संपर्कांवर बसत असे. मग ‘पाच’ दाबला तर उमटत नाही, ‘दोन’ दाबला तर दोनदा उमटतो, अशा तक्रारी येत. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त काम कळांखालचे रबर धुणे आणि संपर्क पुसणे हेच होते. २००३ मध्ये आलेल्या ११०० चा दर्शनी भाग आणि कळा यांवर एकसंध आवरण होते, त्यामुळे धूळ शिरायला वाटच फारशी उरली नाही. ओल्या हातातून निसटू नये म्हणून त्याच्या कडा खरखरीत ठेवल्या होत्या आणि डोक्यावर टॉर्च बसवली होती. हा फोन भारतासारख्या देशांतल्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून घडवला होता आणि ‘मेड फॉर इंडिया’ ही त्याची जाहिरात अनेकांना आठवत असेल. त्याचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले, म्हणजे विक्रीच्या आकड्यातही तो ३३१० च्या जवळजवळ दुप्पट भरतो.

टॉर्चला कोणी किरकोळ समजू नये. २००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्या राज्यात, विशेषतः खेड्यांत, भारनियमन किती तास असे हे ज्यांनी सोसले आहे त्यांना तिचे मोल सांगावे लागणार नाही. रात्री वीज आल्यावर विहिरीवरचा पंप सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याच्या खिशात फोन आणि विजेरी एकाच वस्तूत असणे ही मोठीच सोय होती. त्यात ११०० चे वजन ८६ ग्रॅम, तर ३३१० चे १३३. सदऱ्याच्या खिशात हा फरक लगेच जाणवत असे.

बॅटरीचेही तसेच. ३३१० सोबत ९०० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) क्षमतेची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मिळत असे. ती नुसती पडून राहिली तरी उतरत जाते आणि वर्षानुवर्षे चालावी अशी तिची प्रकृती नव्हे. ११०० मध्ये ८५० एमएएचची लिथियम-आयन बॅटरी होती, म्हणजे आकडा थोडा लहानच, पण नुसता चालू ठेवल्यास ४०० तासांपर्यंत टिकेल असे कंपनी सांगत असे आणि ३३१० साठी हाच आकडा २६० तासांचा होता. प्रत्यक्षात रेंज कमी असलेल्या गावात दोन्ही फोन लवकर उतरत, कारण टॉवर शोधण्यात बॅटरी खर्च होते. तरीही ११०० वापरणारी माणसे चार्जर न घेता लग्नाला जाऊन येत, हे मी पाहिले आहे.

अ-१०१
या चर्चेत संदेश लिहिण्याचा विचार झालेला नाही, म्हणून मी थोडी भर घालते. १ मे २००३ पर्यंत आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत, त्यामुळे आमच्या घरात निरोपासाठी एसएमएसच वापरला जाई. एका संदेशात रोमन लिपीतली १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहिल्यास ही मर्यादा ७० वर येते, आणि ३३१० मध्ये तर देवनागरीची सोयच नव्हती. शब्द ओळखून पुरा करण्याची सोय इंग्रजीसाठी होती, रोमन लिपीतल्या मराठीला ती काही कामाची नव्हती, त्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी कळ मोजून दाबावी लागे. ‘पोहोचलो’ हा एक शब्द रोमन लिपीत लिहायला कळा एकूण २० वेळा दाबाव्या लागतात. मी आत्ता पुन्हा मोजून पाहिल्या. एवढ्या कामाला ३३१० च्या कळा उत्तम होत्या. त्या बोटाला स्पष्ट लागत आणि अंधारातही, पडद्याकडे न बघता, मी पूर्ण निरोप लिहीत असे. शिवाय तीन संदेश जोडून ४५९ अक्षरांचा एक निरोप त्यावरून पाठवता येई. ११०० चे सपाट आवरण धुळीसाठी चांगले असेलही, पण अंगठ्याला ते तितके सुखाचे नव्हते.

ब-१०४
काकू, तुमचे म्हणणे पटले. कळांच्या स्पर्शाच्या बाबतीत ३३१० सरस होता आणि ते मी आधी लिहायला हवे होते. बाहेरचे झाकण हाताने काढून बदलण्याची सोय दोघांतही होती, पण ३३१० च्या रंगीबेरंगी झाकणांची हौस लोकांनी जितकी केली तितकी दुसऱ्या कोणत्याही फोनची माझ्या दुकानात झाली नाही.

आता उरलेले दोन फोन. ६६०० मी या तुलनेत धरत नाही. २००३ चा असला तरी त्यात सिम्बियन ही कार्यप्रणाली, कॅमेरा, ब्लूटूथ आणि मेमरी कार्ड होते आणि बाहेरचे प्रोग्रॅम त्यात टाकता येत, म्हणजे तो स्मार्टफोनच होता, फक्त तो शब्द तेव्हा आपल्या तोंडी नव्हता. त्यात सासऱ्यांनी काढलेली छायाचित्रे असू शकतात, म्हणून तो तपासल्याशिवाय देऊ नका. कार्डाची खाच बॅटरीच्या खाली आहे. सीडीएमए हँडसेट मात्र आता कशाच्याही उपयोगाचा नाही. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून असे फोन घेण्यासाठी किती गर्दी उसळली होती हे आठवते, आणि ज्या घरांत मोबाईल येण्याची शक्यता नव्हती तिथे तो त्या योजनेमुळे आला, हे तिचे श्रेय आहेच. पण त्या फोनमध्ये क्रमांक हँडसेटमध्येच नोंदलेला असे आणि ते जाळेच आपल्याकडे बंद झाले आहे. त्यातले नंबर उतरवून घ्यायचे असतील तर तेवढे घ्या.

क-४०१
मग सासूबाईंसाठी ११०० खरोखर चालेल का? आणि ३३१० चालणार नाही का?

ब-१०४
दोन्ही फोन टू-जी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जुन्या मोबाईल जाळ्यावरचे आहेत. जिओकडे टू-जी नाही, त्यामुळे त्यांचे सिम यात चालणार नाही. एअरटेल, वी (व्होडाफोन-आयडिया) किंवा बीएसएनएल यांपैकी गावात ज्याची टू-जी रेंज चांगली असेल त्याचे सिम घ्यावे आणि ते नॅनो आकाराचे असल्यास अडॅप्टरमध्ये बसवावे. बोलणे होईल, बँकेचा ओटीपी येईल, टॉर्च लागेल. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर नातवंडे बघायची असतील तर अर्थातच हा फोन पुरणार नाही.

दोघांत फरक पडतो तो बॅटरीचा. ११०० ला लागणारी बीएल-५सी ही बॅटरी पुढे असंख्य फोनांत आणि छोट्या भजनाच्या रेडिओतही वापरली गेली, त्यामुळे ती आजही मिळते. फक्त स्वस्तातली बनावट घेऊ नका. तुमची फुगलेली बॅटरीही बहुधा नंतर बाजारातून घेतलेली असावी, तिच्यावरचे लेबल बघा. ३३१० ची चांगली बॅटरी मिळणे आता अवघड आहे. चार्जर मात्र दोन्ही फोनांना जाड पिनचा एकच लागतो, आणि तो माझ्याकडे आहे.

अ-३०२
सर्वांचे मनापासून आभार. सीडीएमए हँडसेट आणि फुगलेली बॅटरी रविवारी देते. ६६०० मधले कार्ड आत्ता काढून पाहिले, कार्ड आहे. ३३१० माझ्या मुलाने मागून घेतला आहे. बॅटरीवरचे लेबल पुसट झाले आहे, पण त्यावर फोनच्या कंपनीचे नाव दिसत नाही.

ब-१०४
ठीक आहे. नवी बॅटरी मी उद्या बाजारातून पारखून आणतो. ११०० घेऊन संध्याकाळी सातनंतर खाली या, कळा आणि आवाज तपासून देतो. ग्रुपवर आणखी कोणाकडे जाड पिनचे चार्जर असतील तर रविवारी टाकून देऊ नयेत, माझ्याकडे द्यावेत.