न्यायाधीश मतपेटीतून यावा का?

शुगरलँडकर
पुण्याहून आलेल्या काकांना इथे टेक्सासमध्ये रिचमंडची १९०९ सालची घुमटवाली कोर्टाची इमारत दाखवायला नेलं होतं. "आमच्या फोर्ट बेंड कौंटीचा जज मल्याळी माणूस आहे," म्हणालो (कौंटी म्हणजे इथला जिल्हा). काकांचा लगेच प्रश्न: "हायकोर्टाचा की सेशन्सचा?" बोंबला!

के. पी. जॉर्ज केरळातून आलेले, पेशानं आर्थिक सल्लागार. 2014 मध्ये इथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या शाळा मंडळावर निवडून आले, 2018 मध्ये 'कौंटी जज' झाले, 2022 मध्ये पुन्हा. पण टेक्सासमधल्या मोठ्या कौंटीचा हा जज खटले चालवत बसत नाही. 'कमिशनर्स कोर्ट' नावाची जी बैठक असते (कोर्ट नव्हेच ते), तिचा तो अध्यक्ष. बजेट, रस्ते, वादळ आलं की आणीबाणी. थोडक्यात जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, वर चिमूटभर कलेक्टर. वकील असण्याची अट नाही. राज्यघटना एवढंच म्हणते की त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण त्याच मतपत्रिकेवर खरेखुरे, माणसाला तुरुंगात धाडणारे न्यायाधीशही असतात, आणि तेही पक्षाच्या नावासकट! मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, म्हणून मी चिठ्ठी लिहून नेतो. गेल्या खेपेला चिठ्ठीवरची नावं संपली तरी स्क्रीनवरचे न्यायाधीश काही संपेनात. मग काय, पक्ष बघून बोट ठेवत गेलो. माझं मत: शाळा मंडळ निवडून द्या, न्यायाधीश नको.

मुपो केटी
साफ असहमत. सुरेंद्रन पट्टेल यांचं नाव ऐकलंय ना? कासरगोडकडचा, लहानपणी विड्या वळणारा मुलगा. 2007 मध्ये अमेरिकेत आला, 2017 मध्ये नागरिक झाला आणि 2022 ची निवडणूक जिंकून तुमच्याच कौंटीत 240 व्या जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश. गव्हर्नरच्या मर्जीनं नेमणुका झाल्या असत्या तर या माणसाची फाइल कोणत्या टेबलावर पोचली असती? वशिला नसलेल्या माणसाला दार उघडं असतं ते निवडणुकीचंच.

नगरी वकील
दार उघडं, पण आत जायला पैसे लागतात त्याचं काय? वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध कोट्यवधींचा निकाल लागला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जायच्या आधी कंपनीच्या प्रमुखानं तिथल्या एका उमेदवाराच्या बाजूनं सुमारे 30 लाख डॉलर ओतले. उमेदवार जिंकला, अपील ऐकायला बसला आणि निकाल कंपनीच्या बाजूनं गेला. 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या न्यायमूर्तींनी बाजूला व्हायला हवं होतं. तेही 5 विरुद्ध 4!

आमच्याकडे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो. तारखा पडतात, मान्य. पण पक्षकार त्याच्या प्रचाराला वर्गणी देऊन आलेला नसतो.

दोन चमचे तिखट
वकीलसाहेब, एमपीएससीचं सांगितलंत, न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या कॉलेजियमचं सोयीनं विसरलात. हायकोर्टात कोण जाणार हे बंद दाराआड ठरतं तेव्हा तुमच्या बाररूममध्ये काय कुजबूज चालते तेही लिहा की.

नगरी वकील
लिहितो. कुजबूज चालते आणि ती सगळीच खोटी नसते. पण म्हणून नगरच्या चौकात न्यायाधीशाचे फ्लेक्स लावायचे का? 'जामीनसम्राट' वगैरे?

खडूफळा
न्यायाधीशांचं तुम्ही बघा, मला शाळा मंडळावर बोलायचंय. 31 वर्षं इकडे शिकवलं, आता मुलीकडे ह्यूस्टनला असते. एकदा तिच्याबरोबर त्यांच्या भागातल्या बैठकीला गेले. शाळांच्या हद्दी बदलणार होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर लाल दिवा. एक बाई रडत सांगत होती की मुलाची शाळा तिसऱ्यांदा बदलतेय. सदस्य ढिम्म. पण त्यातल्या एकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि बैठक संपल्यावर स्वतः उठून तिच्याजवळ गेला. या पदाला पगार नाही म्हणे.

आपल्याकडे महापालिकांची शिक्षण मंडळं होती. सदस्य नगरसेवकांनी निवडायचे, पालकांनी नव्हे. शेवटी सरकारनं ती मोडीत काढली, कोणी दोन अश्रूही ढाळले नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत आता कायद्यानं तीन चतुर्थांश पालक असतात. पण आमच्या शाळेत पालकांच्या सह्या घरपोच गोळा व्हायच्या. मीच शिपायाबरोबर रजिस्टर पाठवलेलं आहे, कशाला लपवू?

दोन चमचे तिखट
बाई, रजिस्टरच्या कबुलीबद्दल सलाम. पण शाळा मंडळ ही पुढची शिडीच असते हो. जॉर्ज यांचंच बघा. आणि 2024 मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आलं, निवडणुकीत स्वतःविरुद्ध वंशद्वेषी कॉमेंट खोट्या खात्यावरून टाकायला लावल्याचं. 2025 मध्ये निवडणूक निधीवरून मनी लाँडरिंगचे आरोप. त्यांनी सगळे नाकारले आणि त्याच जूनमध्ये डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाले. हाच का तुमचा लोकांतून आलेला माणूस?

मुपो केटी
आरोपांचा निवाडा कोर्टात, या धाग्यावर नको. पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. निवडून आलेल्याला आम्ही चार वर्षांनी घरी पाठवू शकतो. नेमलेला चिकटला की चिकटला.

शुगरलँडकर
केटीकर, पाठवू शकतो, पण कशाच्या आधारावर? 2018 पर्यंत इथे एक बटण दाबलं की पक्षाचे सगळे उमेदवार एकदम निवडता यायचे, न्यायाधीशांसकट. 2020 पासून ते बटण गेलं, बोटाला तेवढा व्यायाम वाढला. चांगल्या न्यायाधीशालाही घरी बसवलं असेल मी, वरच्या ओळीतल्या कोणाचा तरी राग काढून. पट्टेलांना मत दिलं होतं का, तेही आठवत नाही. आणि शाळा मंडळाला पक्षाचं नावच नसतं, तिथे उमेदवारांची माहिती शोधून वाचली होती. ज्या पदासाठी वाचायला हवं तिथे पक्ष बघून बोट, आणि शाळेच्या बससाठी रात्री दोन तास अभ्यास!

खडूफळा
ती चिठ्ठी मराठीत लिहून नेता का हो?

शुगरलँडकर
मराठीतच. रांगेतल्या शेजारणीला वाटलं किराण्याची यादी.