मदत हवी आहे: लॅपटॉप सारखा बंद पडतोय, खरंच मदरबोर्ड बदलायचा का?

मंडळी नमस्कार. धागा लांब होईल, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही तशीच येतील म्हणून सगळं एकदाच लिहितेय.

लॅपटॉप २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. इंटेल आय५ आठव्या पिढीचा, ४ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी) मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच डकवलेली आणि एक स्लॉट रिकामा होता. २०२२ मध्ये इथल्याच एका दुकानातून त्या स्लॉटमध्ये ८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) टाकून घेतली आणि जुनी हार्डडिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी बसवली. तेव्हापासून मस्त चालत होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्याच्या आसपास विंडोज ११ घातलं, तेही नीट चाललं. त्रास सुरू झाला तो या जूनपासून.

आम्ही चिपळूणला राहतो. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, घरात सगळंच दमट असतं, म्हणून त्याचाही काही संबंध असेल का हे विचारायचंय. (२०२१ च्या पुराचं पाणी याला लागलेलं नाही, तेव्हा तो वरच्या मजल्यावर होता.)

होतं काय तर काम करता करता एकदम "तुमच्या डिव्हाइसमध्ये समस्या आली आहे" असा स्क्रीन येतो आणि रीस्टार्ट होतो. आधी निळा यायचा, नव्या अपडेटनंतर काळा येतो. खालचा कोड मी दरवेळी वहीत लिहून ठेवलाय. आतापर्यंत मेमरी मॅनेजमेंट चार वेळा, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया तीनदा, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल दोनदा, आणि कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर एकदा. कधी कधी कोड वगैरे काहीच नाही, स्क्रीन जागच्या जागी गोठतो, गाणं चालू असेल तर त्याचा एकच सूर घर्रर्र वाजत राहतो आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. नुसतं वर्ड उघडं असेल तर तास दोन तास काही होत नाही, पण ब्राउझर, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि वर्ड तिन्ही एकदम चालू असले की वीस मिनिटांत गेलाच.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. एसएफसी स्कॅननाउ (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं, काही फाइली दुरुस्त झाल्या म्हणालं, दुसऱ्या दिवशी परत तेच. फॅन उघडून धूळ काढून घेतली, तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो टाकलं, जास्तीत जास्त ७८ अंशांपर्यंत जातं. बॅटरीवर चालवलं तरी पडतो, चार्जरवर चालवलं तरी पडतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी "गुड" दाखवतेय, ९४ टक्के. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट आहे ना, ती चालवली, "एकही दोष आढळला नाही" असं आलं, म्हणून रॅमचा विचार मी सोडून दिला. शेवटी विंडोज पुसून नव्याने टाकायला गेले तर इन्स्टॉल होता होता ०x८००७०५७० असा एरर देऊन थांबलं, म्हणे फाइल खराब आहे. पेनड्राइव्ह बदलला तर वेगळ्याच टक्क्यावर थांबलं. तिसऱ्यांदा इन्स्टॉल करताना पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात न लावता वरच्यावर टाकलं, कसंबसं झालं.

मग इथल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी दहा मिनिटं बघून मदरबोर्ड गेलाय, साडेसोळा हजार पडतील, वापरलेला बोर्ड मिळेल असं सांगितलं. कशावरून म्हणालात विचारलं तर "अशी लक्षणं असली की बोर्डच असतो" एवढंच.

आता मला घाई का आहे ते. आमचे अण्णा जाखडीतले (कोकणातलं लोकनृत्य, त्यात शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष असतात) तुऱ्याकडचे शाहीर. जाखडीच्या बाऱ्यांसाठी (सामन्यांसाठी) त्यांनी आयुष्यभर लिहिलेले गण, गवळणी, सवाल-जवाब अशा अकरा वह्या आहेत, काहींची पानं हातात घेतली तरी तुटतात. अण्णा आता ८१ चे आहेत, दिसायला कमी झालंय, पण सुरुवातीची ओळ सांगितली की पुढचं सगळं म्हणतात, आणि पान फाटलेलं असेल तिथे तेच एक साधन आहे. रोज संध्याकाळी मी पान स्कॅन करते, ते म्हणतात, मी टाइप करते. तीन वह्या झाल्या होत्या. गेल्या आठवड्यात त्यातल्या दोन फाइली उघडेनात, आणि मला रडूच आलं.

तर प्रश्न असे. एक, हा बोर्डच आहे का, आणि पैसे घालायच्या आधी घरी काय तपासता येईल? दोन, फाइली आत्ता लगेच पेनड्राइव्हवर कॉपी करून घेऊ का? तीन, चार्जर लावलेला असताना धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, ते याच्याशी जोडलेलं आहे का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. या अवस्थेत या मशीनवर फाइली उघडू नका, सेव्ह करू नका, कॉपीसुद्धा करू नका. मला रॅमचा दाट संशय आहे आणि खराब रॅमची वाईट गोष्ट ही की प्रत्येक फाइल डिस्कवरून रॅममध्ये येते आणि तिथूनच पेनड्राइव्हवर जाते, म्हणजे मूळ फाइल चांगली असली तरी वाटेत एखादा बिट पलटला की कॉपी बिघडलेली, आणि कॉम्प्युटर मात्र "कॉपी झाली" म्हणून मोकळा. तुमच्या दोन फाइली अशाच गेल्या असणार, आणि एसएफसीला रोज नव्या खराब फाइली सापडतात त्याचंही कारण हेच असू शकतं.

एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या चांगल्या मशीनवर कॉपी घ्या. केस घेताना तुमची एसएसडी साटा आहे की एनव्हीएमई (डिस्क जोडायचे दोन प्रकार) ते बघून घ्या, दोन्हींचे केस वेगळे असतात. आणि एक गोष्ट, विंडोज ११ मध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) आपोआप चालू झालेलं असू शकतं. तसं असेल तर दुसऱ्या मशीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. डिस्क काढायच्या आधी ती कागदावर उतरवून ठेवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. तुम्ही कोड वहीत लिहून ठेवलेत हे फार चांगलं केलंत, कारण खरी खूण तिथेच आहे. ड्रायव्हर बिघडला की सहसा तोच तोच कोड येतो. इथे दरवेळी वेगळा येतोय आणि मेमरी मॅनेजमेंट त्यात सगळ्यात जास्त. त्यात जास्त प्रोग्रॅम उघडले, म्हणजे मेमरी भरत गेली, की लवकर पडतो. इन्स्टॉल दरवेळी वेगळ्या टक्क्यावर थांबणं हेही त्याच बाजूला जातं, पेनड्राइव्ह खराब असता तर साधारण एकाच जागी अडकलं असतं.

विंडोजच्या टेस्टवर जाऊ नका, ती वरवरची असते, तिने पास केलेल्या स्टिका मी स्वतः खराब निघालेल्या बघितल्यात. पासमार्क कंपनीचं मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) डाउनलोड करा, ते दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून लॅपटॉप चालू (बूट) करा. फुकटातली आवृत्ती चार फेऱ्या करते. रात्री लावून झोपा. एकही लाल ओळ आली तर रॅम किंवा तिचा मार्ग खराब, "दोनच एरर आहेत, चालेल" असं रॅममध्ये नसतं.

मग स्लॉटमधली स्टिक काढून नुसत्या बोर्डावरच्या ४ जीबीवर तीच टेस्ट. तेव्हा शून्य एरर आले तर साडेसोळा हजार वाचले समजा. पण एरर तसेच राहिले तर मात्र डकवलेली रॅम गेली, आणि मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं बरोबर ठरेल, हेही मनात ठेवा.

प्रतिसाद ३

स्टिक काढताना: चार्जर काढा, बंद करा, मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच रॅमला हात. काही मॉडेलांत दोन स्क्रू रबराच्या पायांखाली लपलेले असतात, झाकण निघत नाही म्हणून ताकद लावू नका. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते.

दमटपणाचं विचारलंत तर हो, कोकणात स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसलेला मी बऱ्याचदा बघितलाय. पांढऱ्या खोडरबराने हलकं घासा, रबराचा चुरा झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नुसतं काढून परत घट्ट बसवल्यानेही काही वेळा प्रश्न सुटतो. आणि झाकण उघडलंच आहे तर बॅटरी फुगली नाही ना ते बघा, फुगली असेल तर तो लॅपटॉप चार्जिंगला लावूच नका.

मुंग्यांचं वेगळं आहे. अ‍ॅडॉप्टरमधून अगदी थोडा करंट गळत असतो, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये लावला असेल किंवा घराचं अर्थिंग नीट नसेल तर तो तुमच्या हाताला जाणवतो. क्रॅशशी त्याचा संबंध नसावा, पण इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्याच, घरात म्हातारं माणूस आहे.

धागाकर्ती, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार, केलं ते क्रमाने सांगते.

पहिल्या रात्री दोन्ही रॅमसकट मेमटेस्ट लावलं. पहिली फेरी अर्धीही झाली नव्हती आणि स्क्रीन लाल ओळींनी भरला, सकाळी उठून बघितलं तर आकडा हजारांच्या पुढे. दुसऱ्या रात्री भाच्याला बसवून स्टिक काढली (कागदावर स्क्रू टोचायची युक्ती फार कामाची, आमच्यात तीन लांब आणि सहा आखूड निघाले). चारही फेऱ्या पूर्ण, शून्य एरर. मी तो स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय.

मग खोडरबर आणि अल्कोहोलने स्टिक पुसून परत लावली. एरर परत आले, थोडे कमी, पण आले. म्हटलं स्लॉटच खराब असला तर? म्हणून भाच्याच्या लॅपटॉपमधली ४ जीबीची स्टिक उसनी घेऊन आमच्या स्लॉटमध्ये घातली. रात्रभर, शून्य. म्हणजे स्लॉट ठीक, बोर्ड ठीक, ८ जीबीची ती एकटी स्टिक गेलेली. बॅटरी फुगलेली नाही. अर्थिंगचं खरंच होतं, पलंगाजवळच्या बोर्डाला अर्थची वायरच जोडलेली नव्हती, ती जोडून घेतली आणि मुंग्या बंद.

फाइलींचं सांगते. बिटलॉकर चालू निघालं, रिकव्हरी की आधीच उतरवून ठेवली होती म्हणून वाचले. भाच्याच्या मशीनवर सगळं कॉपी झालं. एकूण ३८ फाइली, त्यातल्या उघडत नाहीत अशा दोनच, आणि एकीत मधली दोन पानं चिन्हांनी भरलीयत. वह्या जवळ आहेत, स्कॅन चांगले आहेत, त्यामुळे ते परत टाइप होईल. पण एका गवळणीचं शेवटचं कडवं वहीत नाही, उंदरांनी कुरतडलंय. ते अण्णांनी तोंडी सांगितलेलं आणि फक्त फाइलीत होतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, थांब, चाल लागू दे, आणि दोन वेळा पहिल्यापासून म्हणून तिसऱ्यांदा ते कडवं बरोबर आलं. या वेळी मी फोनवर रेकॉर्डही केलं.

आता एक शेवटचं विचारायचंय. स्टिकवर वेग २६६६ लिहिलाय, दुकानात ३२०० चीच मिळतेय. चालेल का?

प्रतिसाद २

चालेल. डीडीआर४ (रॅमची पिढी), २६० पिनांची लॅपटॉपची स्टिक, १.२ व्होल्टची, एवढं जुळलं की झालं. तुमचा प्रोसेसर आणि बोर्डावरची रॅम ज्या वेगाला चालतात त्याच वेगाला ती उतरून चालेल, बहुधा २४०० ला, त्यात नुकसान काही नाही. डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. नवी घातल्यावर कामाला लागायच्या आधी मेमटेस्टची एक रात्र परत करा, नवीसुद्धा खराब निघू शकते. आणि जुन्या स्टिकचं बिल शोधा, रॅमला बऱ्याच कंपन्या लांबची वॉरंटी देतात.

धागाकर्ती

बिल सापडलं, लॅपटॉपच्या खोक्यातच होतं. स्टिकचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर अजून वॉरंटीत दाखवतंय, आज अर्ज केला. बदली स्टिक येईपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून ३२०० ची ८ जीबी घेतली, थोडे पैसे गेले पण साडेसोळा हजार नाही गेले. रात्रभर टेस्ट, शून्य एरर. विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं, पहिल्याच फटक्यात झालं. काल संध्याकाळी तीन तास स्कॅनर, ब्राउझर, वर्ड सगळं एकदम चालू ठेवलं होतं, एकदाही पडला नाही.

कॉपी आता दोन ठिकाणी आहे, एक भाच्याकडे रत्नागिरीला आणि एक इथे बाहेरच्या डिस्कवर. दर रविवारी दोन्हीकडे टाकायचं ठरवलंय. दुरुस्तीवाल्यांनाही मेमटेस्टचा फोटो दाखवून आले, त्यांनी मेमटेस्ट पेनड्राइव्हवर टाकून मागितलंय.

अण्णा विचारतायत, चौथी वही कधी काढतेस.