सिंगापूर, पाच दिवस, अकरा महिन्यांचं बाळ: वेळापत्रक कसं बसवू?

पुण्याची_आई
मे महिन्यात मुंबईहून सिंगापूरला निघतोय. लेक साडेचार वर्षांची, धाकटा ११ महिन्यांचा, सोबत सासूबाई. एजंटने रोज तीन ठिकाणं लावलीत, सकाळी ८ ला गाडी दाराशी. धाकट्याची दुपारची दोन तासांची झोप हुकली की संध्याकाळभर रडतो. लेकीला नाईट सफारी, म्हणजे तिथलं रात्रीचं प्राणिसंग्रहालय, बघायचीच आहे, पण बाळाला रात्री बाहेर कसं काढू? शिवाय तो अजून खिमटी आणि मऊ भातच खातो.

क्लेमेंटीकर
ताई, मी इथे सिंगापुरात नऊ वर्षं राहते. दर मे महिन्यात भावंडं पोरांना घेऊन येतात, म्हणून खात्रीने सांगते: मुलांचं घड्याळ पुण्याचंच राहू द्या. इथे वेळ अडीच तास पुढे आहे. लोक पहिल्याच रात्री मुलांना ९ ला झोपवायला बघतात, पण पोरांच्या अंगात तेव्हा साडेसहाच वाजलेले असतात. झोपतील कशी? आणि सकाळी ८ ची गाडी म्हणजे त्यांचे पहाटे साडेपाच. ती गाडी आजच रद्द करा.

नाईट सफारी सव्वासातला उघडते. तुमच्या बाळाचे तेव्हा पावणेपाच, नुकतीच झोप झालेली. गार्डन्स बाय द बे या बागेत सुपरट्री, म्हणजे झाडांसारखे उंच मनोरे आहेत, त्यांचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, तोही फुकट. सकाळी निवांत साडेनऊला उठवा, एखादं ठिकाण बघून या, साडेतीन ते साडेपाच त्याला खोलीत झोपू द्या. तसंही इथल्या दुपारच्या उन्हात लहानांना फिरवू नये. लेकीसाठी त्याच बागेतली मुलांची पाण्याची जागा ठेवा, कपड्यांचा जादा जोड न्या.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. गाडीचं मात्र नीट बघा. ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे, पण सूट मिळाली म्हणून धक्का कमी बसत नाही. मी तरी सीटवालीच गाडी मागवते.

खिमटीचं पीठ घरूनच भाजून, दळून आणा. तांदूळ, मूगडाळ, दही सगळं इथल्या लिटिल इंडिया भागात मिळतं. आणि हे नक्की वाचा: खसखस इथे आणायला बंदी आहे. डब्यातली, मसाल्यातली, लाडवातली, कुठलीच नको.

दोन_पिल्लांचा_बाबा
कागदांचं सांगतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तेव्हा लेकीचा उघडून बघा. व्हिसा झाला तरी प्रत्येकाचं अरायव्हल कार्ड वेगळं भरायचं, तान्ह्याचंही. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, एक पैसाही न देता. पैसे मागणारी पानं बंद करा.

विमानात पाळणा हवा असेल तर विमान कंपनीला आत्ताच कळवा आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या. आमचा थोरला त्यात मावलाच नव्हता, सगळा प्रवास मांडीवर झाला. विमान उतरू लागलं की बाळाला दूध पाजा, कानाचे दडे सुटतात. उतरायला सुरुवात साधारण अर्धा तास आधीच होते, तेव्हा दूध आधी संपवू नका.

पुण्याची_आई
क्लेमेंटीकर ताई, घड्याळाचं इतकं साधं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एजंटला फोन केला. आठची गाडी रद्द, रोज एकच ठिकाण, दुसऱ्या दिवशी नाईट सफारी. लेकीचा पासपोर्ट बघितला, पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे.

आणि खसखशीचं वाचून स्वयंपाकघरात धावले. सासूबाईंनी प्रवासासाठी डिंकाचे लाडू वळून ठेवलेत, अर्धी वाटी खसखस भाजून घातलेली! त्या म्हणाल्या, हे इथेच खाऊन टाका, बिनखसखशीचे परवा करते.