लिहून खेळायच्या 'माफिया'त नवख्यांना कसे रुळवावे? सल्ला हवा आहे

रंकाळ्याची हवा

नमस्कार. राजारामपुरीत आमचा चौदा जणांचा गट आहे. पूर्वी आम्ही दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमून 'माफिया' खेळत असू. चिठ्ठ्या काढून थोडे जण गुपचूप माफिया होतात आणि बाकीचे गावकरी; 'रात्री' माफिया एकाला मारतात, आणि 'दिवसा' सगळे चर्चा करून मतांनी एका संशयिताला बाद करतात. पुढे दोघे नोकरीसाठी पुण्याला गेले, एक मैत्रीण लग्न होऊन बेळगावला गेली, म्हणून हा खेळ आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणला. आता एक 'दिवस' ४८ तासांचा आणि 'रात्र' २४ तासांची असते. सूत्रधार, म्हणजे मुलांच्या भाषेत 'गॉड', बहुतेक वेळा मीच असते.

जुन्या मंडळींना हा बदल मानवला, कारण विचाराला सवड मिळते. अडचण नव्यांची आहे. गेल्या डावात नऊ खेळाडू होते आणि त्यांतले तीन नवे होते. त्यांपैकी एक काकू गप्पांमध्ये कोणालाही हार जाणाऱ्या नाहीत, पण लिहिताना "मलाही तसेच वाटते" यापलीकडे गेल्या नाहीत. तेवढ्यावरून दोघांनी त्यांना माफिया ठरवले, बाकीच्यांनी री ओढली, आणि पाच मते पडून त्या बाद झाल्या. निघाल्या साध्या गावकरी. त्याच रात्री त्यांनी ग्रुप सोडला, आणि आता भाजी घेताना भेटल्या तरी तो विषय टाळतात. नव्यांना आधी काय सांगावे, किती सांगावे, आणि जुन्यांना कसे आवरावे, यावर अनुभवींनी लिहावे ही विनंती.

शिपाई शाहूपुरीचा

ताई, काकूंच्या बाबतीत जे झाले त्यात चूक काकूंची नाही. आपण सगळे लहानपणी राजा-वजीर-चोर-शिपाई खेळलो आहोत. चिठ्ठी उघडली की चोर उगाच छताकडे बघतो किंवा जरा जास्तच हसतो, आणि ओळखणाऱ्याचे काम सोपे होते. १९८० च्या दशकात मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी माफिया रचला, तेव्हा तोही एका खोलीत एकमेकांची तोंडे बघत खेळायचाच खेळ होता. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियाच्या जागी माणसाचे रूप घेणारे लांडगे आणले, तरी सांगाडा तोच राहिला, की थोड्यांना सगळे ठाऊक असते आणि पुष्कळांना काहीच ठाऊक नसते. लिहून खेळताना मात्र चेहरा जातो आणि त्याच्या जागी नोंद येते. कोण कोणाविषयी काय म्हणाले, मत केव्हा दिले आणि केव्हा फिरवले, हे वर सरकवत गेले की सगळे दिसते. जुना खेळाडू ती नोंद वाचतो. नव्याला ती वाचायची असते हेच कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो समोर बसल्यासारखी नुसती मान डोलावतो. "मलाही तसेच वाटते" ही लेखी मान डोलावणीच आहे, तो गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

दुसरे म्हणजे, पहिल्या दिवसाचे गणित त्यांच्यापुढे आधीच मांडा. नऊ जणांत दोन माफिया असतील आणि मते निव्वळ अंदाजाने पडली, तर माफिया सापडण्याची शक्यता नवांत दोन, म्हणजे सुमारे २२ टक्के असते. पहिला बाद होणारा बहुधा निरपराधच असतो. गावाला दोन चुका परवडतात: पहिली चूक आणि एक रात्र सरली की सात उरतात, दुसरीनंतर पाच, आणि तिसरी चूक झाली की उरलेल्या चारांत दोन माफिया, म्हणजे बरोबरी होऊन गाव हरते (रात्री एकाला वाचवू शकणाऱ्या डॉक्टरने मध्ये कोणाला वाचवले तर हा हिशेब बदलतो). पहिल्या दिवसाच्या मताचा खरा उपयोग पुढच्या दिवशी चाळायला नोंद तयार होते, एवढाच आहे. हे ठाऊक असलेला माणूस बाद झाल्याचे मनाला लावून घेत नाही, आणि मत द्यायलाही घाबरत नाही.

मातीतला

वरचे सगळे पटले, पण मी त्याआधीची गोष्ट सांगतो. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी तयार मल्लापुढे उभा करत नाही. तसे नव्यांना पहिले दोन डाव साध्या गावकऱ्याचीच चिठ्ठी द्यावी. माझ्या मेहुण्याला पहिल्याच डावात माफिया केले होते. त्याने जोडीदाराला खासगीत पाठवायचा "आज रात्री डॉक्टरला उडवू या का?" हा निरोप सरळ मुख्य ग्रुपवर टाकला. डाव तिथेच आटोपला आणि घरचे अजून जेवताना त्याला हे वाक्य ऐकवतात.

एकच चिठ्ठी

मातीतला यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण हा उपाय खेळ मोडणारा आहे. नव्यांना माफिया करत नाहीत हे दोन डावांत सर्वांच्या लक्षात येते, आणि मग प्रत्येक नवा माणूस आपोआप निर्दोष ठरतो. नऊपैकी तीन जण संशयाबाहेर गेले की माफिया उरलेल्या सहांतच शोधायचे राहतात, आणि पहिल्या दिवसाची शक्यता नवांत दोनवरून तिनांत एकावर येते. शिवाय माफियाला रात्री कोणाला मारायचे हे आयतेच कळते. चिठ्ठ्या सचोटीनेच निघाल्या पाहिजेत. नवा माणूस माफिया झाला, तर त्याचा जोडीदार त्याला खासगीत शिकवू शकतो; खरे पाहता एकट्या गावकऱ्यापेक्षा त्याची सोय अधिक असते, कारण डावात विश्वासाने बोलायला त्याला निदान एक माणूस असतो. पहिल्या डावात आणखी कोणत्या गुंतागुंतीच्या भूमिका मात्र ठेवू नयेत. गावकरी, माफिया, एक डिटेक्टिव्ह (जो रात्री एखादा माफिया आहे का हे सूत्रधाराला विचारतो) आणि एक डॉक्टर एवढे पुष्कळ झाले.

उशिरा आलेली

मी दीड वर्षापूर्वी अशाच एका गटात नवी होते, त्यामुळे काकूंच्या बाजूने लिहिते. मला नियम कळले होते, पण लिहायचे काय ते कळत नव्हते. इतर लोक दहा-दहा ओळींचे निरोप टाकत, आणि मला वाटे की माझ्याकडे तेवढे सांगण्यासारखे काही नाही. शेवटी गटातल्या एका वहिनींनी जुन्या, संपलेल्या डावातला एक निरोप मला वाचायला पाठवला. तो साधारण असा होता: "काल दुपारी तुम्ही म्हणालात की तुमचा कोणावरच संशय नाही. रात्री नऊला चौथे मत पडताच पाचवे तुम्ही दिलेत. मधल्या वेळात तुमचे मत कशाने बदलले?" इतकेच. त्यात कोणावर आरोप नव्हता, फक्त दोन निरोप शेजारी ठेवून एक प्रश्न विचारला होता. मला तेव्हा कळले की हे तर आपल्यालाही जमेल. तुमच्या काकूंना नियमांचा कागद पाठवू नका, संपलेला एखादा डाव पूर्ण वाचायला द्या. कोण माफिया होते हे माहीत असताना वाचले, की खोटे कसे लिहिले जाते ते उघड दिसते.

आणि एक विनंती जुन्या मंडळींना. "तुम्ही खोटारड्या आहात" आणि "तुमचा हा निरोप मला पटत नाही" यांत फार फरक आहे. खोलीत पहिले वाक्य हसत म्हणता येते. पडद्यावर ते हसू दिसत नाही.

निळी टिक

एक नियम पहिल्या निरोपातच घालून टाका, की लास्ट सीन आणि निळ्या टिका हा पुरावा मानला जाणार नाही. आमच्याकडे एकाने "रात्री दोन वाजता तुम्ही ऑनलाइन होतात" म्हणून एका बाईंवर संशय घेतला होता, आणि त्या बिचाऱ्या तापलेल्या मुलाजवळ जागत बसल्या होत्या. तसेच निरोप एडिट करणे किंवा पुसणे बंद ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅप १५ मिनिटांपर्यंत एडिट करू देते आणि नोंदच बिघडते. मते पोलवर घेऊ नका. पोलमध्ये मत बदलले की आधीचे कोणते होते ते दिसत नाही. मत आणि त्याचे एका ओळीचे कारण लिहूनच मागा.

रंकाळ्याची हवा

सर्वांचे आभार. चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी 'एकच चिठ्ठी' यांच्या बाजूची आहे, मातीतला यांनी राग मानू नये. मेहुण्यांचा किस्सा मात्र ग्रुपवर सांगणार आहे. मताबरोबर एका ओळीचे कारण सक्तीचे केले, तर "मलाही तसेच वाटते" आपोआप मागे पडेल असे वाटते, आणि ही सक्ती जुन्यांनाही असेल, कारण खरे सांगायचे तर काकूंवर पडलेल्या पाच मतांपैकी तिघांनी कसलेच कारण दिले नव्हते. हे मी काल रात्री तो डाव पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले. त्या तिघांत दोन्ही माफिया होते. ती नोंद आज दुपारी काकूंना घरी नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, तिसऱ्या मताच्या नावावर बोट ठेवले, आणि पुढचा डाव कधी आहे ते विचारले.