व्यायामशाळेत नव्याने जाताना वावरायचे कसे?

प्रश्न

पंधरा दिवसांपूर्वी मी व्यायामशाळेत जाऊ लागलो. प्रशिक्षकांनी यंत्रे दाखवली, परंतु तेथे इतरांसोबत वावरायचे कसे, हे कोणी सांगितले नाही. काल दोन सेटच्या, म्हणजे सलग आवर्तनांच्या दोन फेऱ्यांच्या, मधल्या वेळेत मी बेंचवर बसून होतो आणि एक गृहस्थ बराच वेळ शेजारी उभे होते. ते त्याच बेंचसाठी थांबले होते, हे मला उठताना उमगले आणि फार ओशाळल्यासारखे झाले. दोन सेटमध्ये किती थांबावे, कोणी यंत्रावर असेल तर विचारावे का आणि सुरुवातीला वजन किती घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे, त्यामुळे बसलात यात चूक काहीच नाही. स्क्वॉट, डेडलिफ्ट यांसारख्या जड व्यायामांत दोन-तीन मिनिटे लागतातच. दंडाच्या लहान व्यायामांना ६० ते ९० सेकंद सहसा पुरतात. ही वेळ लांबते ती हातात मोबाइल घेतल्यामुळे. कोणी थांबलेले दिसले, तर “माझे दोन सेट राहिले आहेत, मधल्या वेळेत तुम्ही करता का?” असे आपणच विचारावे. आपल्याला विचारायचे असेल, तर समोरच्याने वजन खाली ठेवेपर्यंत थांबावे आणि त्याच्या कानात इअरफोन असल्यास त्याला दिसेल असे समोर उभे राहावे. उठताना बेंचवरचा घाम पुसावा, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उत्तर

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वजने जागेवर ठेवण्याची सवय. आपण बारवर, म्हणजे लोखंडी दांड्यावर, ठेवून गेलेल्या प्लेट (वजनाच्या चकत्या) पुढच्या माणसाला उतरवाव्या लागतात आणि कदाचित त्या त्याला पेलणाऱ्याही नसतात. उतरवण्याचीही एक रीत आहे. नवीन असताना मी रॅकवरच्या बारच्या एका बाजूच्या २० किलोच्या तिन्ही प्लेट एकापाठोपाठ काढल्या. दुसऱ्या बाजूला ६० किलो तसेच होते. तिसरी प्लेट हातात येताच माझ्या बाजूचे टोक कानाजवळून सर्रकन वर गेले आणि पलीकडच्या प्लेट धाडकन जमिनीवर आदळल्या. त्या बाजूला कोणी उभे नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून मी एक प्लेट या बाजूची आणि एक त्या बाजूची, असेच करतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, डंबेल उचलल्यावर रॅकला चिकटून उभे राहू नये, चार पावले मागे यावे. नाहीतर इतरांना हात घालायलाही जागा उरत नाही.

तिसरे उत्तर

वजनाविषयी सांगतो. मोठा बार मोकळा असला तरी साधारणपणे २० किलोचा असतो, म्हणून त्याला ‘काहीच नाही’ असे समजू नये; तो जड वाटल्यास हलका बार किंवा डंबेल मागून घ्यावेत आणि त्यात संकोच बाळगू नये. दहा-बारा आवर्तने नीट झाल्यावरही आणखी दोन-तीन जमली असती असे वाटेल, इतकेच वजन घ्यावे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. त्याचे बरेचसे कारण मज्जासंस्था ती हालचाल शिकत असते हे आहे. स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात आणि म्हणूनच या काळात घाई अंगाशी येते. अंगदुखी साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते, तिला घाबरू नये. सांध्यात चमक निघाली तर मात्र तिथेच थांबावे.

बेंच प्रेस, म्हणजे बेंचवर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे, एकट्याने जड वजनाने करू नये. कोणाला मागे उभे राहण्याची विनंती कराल, तेव्हा किती आवर्तने करणार आणि बारला हात केव्हा लावायचा, हे आधीच सांगावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज ते गृहस्थ पुन्हा भेटले. मी बेंच पुसून त्यांना मधले सेट करण्यास सुचवले. ते उचलत असलेले वजन माझ्या दुप्पट असल्याने दर वेळी प्लेट बदलाव्या लागल्या. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही ते काम वाटून घेतले.